पीएसएवर एएफएम: टिप अडकते, आकडे बदलतात, मग मोजायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिक इमल्शनपासून केलेल्या पीएसएच्या, म्हणजे नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या अ‍ॅडहेसिव्हच्या, दोन बॅचेस तुमच्याकडे आहेत. पील, म्हणजे चिकटवलेली पट्टी सोलायला लागणारं बल, दोन्हींचं जवळपास सारखं आहे, लूप टॅक, म्हणजे क्षणभर टेकवलेल्या पट्टीच्या लूपची पकड, मात्र दुसऱ्या बॅचचा बराच पडलाय. गडबड पृष्ठभागावर असणार असं वाटून तुम्ही एएफएमवर, म्हणजे बारीक टिपने पृष्ठभाग चाचपणाऱ्या सूक्ष्मदर्शकावर, फोर्स कर्व्ह (टिप टेकवून मागे घेतानाची बलाची रेघ) घेतले, टॅपिंगही (टिप कंप पावत टोले देत इमेज काढते तो मोड) करून पाहिलं. टिप अडकते, इमेजवर आडव्या रेघा येतात, आणि टिप किंवा रॅम्पचा (टिपच्या खाली-वर फेरीचा) वेग बदलला की मॉड्युलसचा (कडकपणाचा) आकडा कुठल्या कुठे जातो. आता कोणता मोड धरायचा आणि कोणत्या आकड्यावर भरवसा ठेवायचा?

आकडा बदलतो म्हणून मशीनला दोष देऊ नका. तो बदलायलाच हवा. पीएसए हलक्या दाबाखाली द्रवासारखं पसरतं आणि ओढताना घनासारखं तग धरतं, त्यावरच त्याचा सगळा धंदा चालतो. अशा पदार्थाचा मॉड्युलस किती, या प्रश्नाला किती वेळात आणि किती तापमानाला हे जोडल्याशिवाय उत्तरच नाही. त्यामुळे मोड आणि टिप निवडण्याआधी मी वेळ ठरवतो: ज्या चाचणीतला फरक समजून घ्यायचाय, त्या चाचणीत चिकटायला किती वेळ मिळतो आणि सुटताना ताण किती वेगाने येतो. तुमच्या बाबतीत तर निम्मं उत्तर इथेच मिळतं. पीलच्या पट्टीवर रोलर फिरतो आणि मग २० मिनिटं किंवा २४ तास थांबून ती ओढतात. लूप टॅकमध्ये लूप स्वतःच्या वजनाने नि किंचित ताठरपणाने काचेला टेकतो आणि लगेच ३०० मिलिमीटर प्रति मिनिट वेगाने वर जातो. एकीकडे पृष्ठभागाला पसरायला भरपूर वेळ, दुसरीकडे जेमतेम क्षण. पील सारखं आणि टॅक वेगळा, याचा अर्थ आतला माल बहुधा ठीक आहे, पहिल्या क्षणाचा स्पर्श नीट होत नाहीये. म्हणून एएफएमवर शोधायचं ते हेच: कमी वेळाच्या स्पर्शात दोन बॅचेस कुठे वेगळ्या वागतात आणि पृष्ठभागाच्या कोणत्या भागात.

आता मोडांचं घड्याळ बघा. १ हर्ट्झचा साधा फोर्स कर्व्ह घेतला तर टिप सेकंदाच्या काही दशांश भागात दाबली जाते. पीकफोर्ससारखे पल्स पद्धतीचे मोड साधारण १ ते २ किलोहर्ट्झवर चालतात. टॅपिंग ७० किंवा ३०० किलोहर्ट्झवर, आणि त्यातही टिप प्रत्येक फेरीच्या एका तुकड्यापुरतीच टेकते, म्हणजे स्पर्श मायक्रोसेकंदाच्या आसपास. ग्लास ट्रान्झिशन (ज्याखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो ते तापमान) उणे ३०-४० अंशांवर असलेला अ‍ॅक्रिलिक पीएसए खोलीच्या तापमानाला १ हर्ट्झवर मऊ रबरासारखा असतो. ३ एमच्या कार्ल डाल्क्विस्ट यांनी १९६० च्या दशकात घालून दिलेली मर्यादा आजही सगळे वापरतात: एका सेकंदाच्या पट्टीवर शिअर मॉड्युलस (आडवं सरकवण्याला होणारा विरोध) साधारण १ ते ३ लाख पास्कलच्या खाली असेल तरच माल नुसत्या स्पर्शाने चिकटेल. तोच माल काही लाख हर्ट्झवर ट्रान्झिशनच्या उतारावर चढलेला असतो आणि मॉड्युलस दहापट, शंभरपट वाढलेला दिसू शकतो. म्हणून रिऑमीटरने (मालाला मागे-पुढे पिळून मॉड्युलस मोजणाऱ्या यंत्राने) ५० किलोपास्कल सांगितलं आणि एएफएमने काही मेगापास्कल, तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता आहे.

हे नुसतं मनात धरून भागत नाही, तपासून घ्यावं लागतं. एएफएमला हात लावण्याआधी रिऑमीटरवर दोन्ही बॅचेसचे फ्रिक्वेन्सी स्वीप वेगवेगळ्या तापमानाला घ्या, ते सरकवून मास्टर कर्व्ह (सगळ्या फ्रिक्वेन्सींना पुरणारी एकच रेघ) तयार करा आणि एएफएमच्या फ्रिक्वेन्सीला तो कर्व्ह काय सांगतो ते वाचा. दोन्ही बॅचेसचे मास्टर कर्व्ह एकमेकांवर बसले तर आतल्या पॉलिमरवरचा संशय तिथेच संपला. हे काम कंटाळवाणं आहे आणि लोक ते टाळतात. पण नंतर एएफएमच्या आकड्याला टेकायला भिंत लागते, ती हीच.

वेळेनंतर टिपची भूमिती. इथे एक हिशोब करून दाखवतो, कारण मऊ मालावर धारदार टिप किती फसवते ते त्याशिवाय कळत नाही. जेकेआर हे जॉन्सन, केंडल आणि रॉबर्ट्स यांचं १९७१ चं सूत्र. मऊ आणि चिकट पृष्ठभागावर गोल टेकला की तो बाहेरून दाब नसतानाही पृष्ठभाग स्वतःवर ओढून घेतो, आणि स्पर्शवर्तुळाची त्रिज्या किती होईल ते हे सूत्र सांगतं. शिअर मॉड्युलस १ लाख पास्कल धरा आणि आसंजनाची (चिकटण्याची) ऊर्जा ०.०५ जूल प्रति चौरस मीटर. टिपची त्रिज्या १० नॅनोमीटर असेल तर शून्य दाबाला स्पर्शवर्तुळाची त्रिज्या येते जवळपास ५६ नॅनोमीटर. टिपच्या पाचपट! हे अर्थातच अशक्य आहे. याचा खरा अर्थ असा की माल टिपच्या टोकाला पूर्ण गिळतो आणि शंकूच्या बाजूंवर चढतो. मग ‘त्रिज्या १० नॅनोमीटर’ म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टाकलेला आकडा कशाचा? चढलेल्या मालाची उंची टिपच्या आकारावर, वेगावर आणि थांबण्यावर अवलंबून असते. टिप बदलली की तुमचा मॉड्युलस बदलतो तो यामुळे.

शिवाय आणखी एक अडचण आहे, जिच्याकडे बरीच वर्षं फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. पृष्ठताण भागिले मॉड्युलस ही एक लांबी येते. ३० मिलिन्यूटन प्रति मीटर भागिले १ लाख पास्कल म्हणजे ३०० नॅनोमीटर. या लांबीपेक्षा लहान टिपने दाबलं तर विरोध मुख्यतः पृष्ठताण करतो, आतली लवचीकता मागे पडते. हर्ट्झ (चिकटपणा न धरणारं), जेकेआर, डीएमटी (कडक मालासाठीचं) या तिन्ही स्पर्शसूत्रांत तो पृष्ठताण धरलेलाच नाही. तेव्हा १० नॅनोमीटरच्या टिपने पीएसएचा मंद गतीचा मॉड्युलस काढतो म्हणणाऱ्याला मी आधी हे दोन हिशोब करायला सांगतो.

उपाय म्हणजे कोलॉइड प्रोब: कँटिलिव्हरच्या (टिप जिच्यावर बसते त्या लवचीक पट्टीच्या) टोकाला सिलिकाचा काही मायक्रोमीटरचा गोल चिकटवलेला. १९९१ मध्ये डकर, सेंडेन आणि पॅशली यांनी ही युक्ती पृष्ठबलं मोजायला वापरली आणि आता असे प्रोब तयार मिळतात. वरच्याच हिशोबात ५ मायक्रोमीटर त्रिज्या घातली तर स्पर्शत्रिज्या येते साधारण ३.५ मायक्रोमीटर, म्हणजे गोलाच्या ०.७ पट. २५ मायक्रोमीटरच्या गोलालासुद्धा ती ०.४ पटीच्या आसपास राहते. सूत्राला हे गुणोत्तर बरंच लहान लागतं, त्यामुळे इथेही ते ताणलेलंच आहे. पण दोन गोष्टी सुधारतात. भूमिती निदान माहीत असते आणि पृष्ठताणाचा वाटा कमी होतो. शिवाय कमी वेळाच्या स्पर्शात माल तेवढा चढतच नाही, म्हणून प्रत्यक्षातली स्थिती हिशोबापेक्षा बरी निघते. तरी कोलॉइड प्रोबने आलेला मॉड्युलससुद्धा मी ‘या वेळेला, या गोलाने’ अशा शेपटीसकटच लिहितो.

कँटिलिव्हर किती कडक घ्यायचा ते ओढण्याच्या बलावरून ठरतं. जेकेआरनुसार सुटण्याचं बल दीड गुणिले पाय गुणिले त्रिज्या गुणिले आसंजन ऊर्जा. २.५ मायक्रोमीटर त्रिज्येच्या गोलाला ते जवळपास ५९० नॅनोन्यूटन येतं, आणि पीएसएमध्ये चिकटसर विरोधामुळे प्रत्यक्षातलं बल याच्या कितीतरी पट असतं. ०.३ न्यूटन प्रति मीटरचा मऊ कँटिलिव्हर लावला तर नुसत्या ५९० नॅनोन्यूटनलाच तो २ मायक्रोमीटर वाकेल आणि वाकणं मोजणारा फोटोडायोड त्याच्या सरळ पट्ट्याच्या बाहेर जाईल. कर्व्हचा तळ सपाट कापल्यासारखा दिसला तर हेच झालंय असं समजा, तिथे आसंजनाचा आकडा वाचू नका. मी पीएसएसाठी ५ ते ४० न्यूटन प्रति मीटर या पट्ट्यात राहतो. मऊ कँटिलिव्हर जास्त संवेदनशील असतो हे खरं, पण इथे संवेदनशीलता कमी पडत नाही, बल जास्त होतं.

स्प्रिंग कॉन्स्टंट (कँटिलिव्हरचा कडकपणा) छापील पत्रकावरून घेऊ नका, त्यात मोठा फरक असू शकतो. थर्मल पद्धत (उष्णतेच्या थरथरीवरून) किंवा सेडर पद्धत (आकार आणि कंपनावरून) वापरा. डिफ्लेक्शन सेन्सिटिव्हिटी (फोटोडायोडच्या सिग्नलमागे कँटिलिव्हर किती वाकला ते) नीलम किंवा सिलिकॉनसारख्या कडक पृष्ठभागावर काढायची, पीएसएवर कधीच नाही. धारदार टिप असेल तर कडक पृष्ठभागाला आधी टेकवून ती बोथट होते. तिथे सेडरने स्प्रिंग कॉन्स्टंट काढून थर्मल स्पेक्ट्रमवरून सेन्सिटिव्हिटी उलट काढता येते, कुठेही न टेकता.

आता कर्व्ह वाचण्याबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण पीएसएवरची खरी माहिती इथेच असते आणि बहुतेक लोक त्यातला एकच आकडा उचलून पुढे जातात. उजवीकडून सुरुवात करा, टिप अजून दूर आहे तिथून. रेघ सपाट हवी. दूरवरच ती हळूहळू खाली वाकत असेल तर नमुन्यावर स्थिर विद्युतभार आहे. लायनर (अ‍ॅडहेसिव्हवरचा सोलायचा कागद) सोलताना तो हमखास येतो. आयोनायझर (भार घालवणारं उपकरण) फिरवा, थोडं थांबा, पुन्हा घ्या. हे न केल्यास विजेची ओढ आसंजनाच्या खात्यात जमा होते. पुढे टिप अचानक पृष्ठभागाकडे उडी घेते. पीएसएवर ही उडी कडक पॉलिमरपेक्षा मोठी असते आणि बऱ्याचदा तिला शेपटी असते: उडीनंतरही टिप आत ओढली जात राहते, म्हणजे माल चढतोय. या शेपटीची लांबी दोन बॅचेसमध्ये वेगळी असेल तर नोंद करा. टॅकचा पहिला क्षण हाच. त्यानंतर दाबाचा चढ, मग थांबा आणि मग परतीचा प्रवास.

परतीच्या रेघेत तळाचा बिंदू म्हणजे कमाल ओढ. तिच्या पुढे काय होतं ते बघा. कडक पृष्ठभागावर टिप तडकन सुटते. चांगल्या क्रॉसलिंक झालेल्या (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या) पीएसएवर ती थोडी रेंगाळून सुटते. क्रॉसलिंकिंग कमी असेल, जेलचं (बांधल्यामुळे न विरघळणाऱ्या भागाचं) प्रमाण कमी असेल, तर तळानंतर लांबच लांब शेपटी येते, शेकडो नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत, मधेमधे करवतीसारख्या पायऱ्या. तिथे मालाचा तंतू ओढला जातोय आणि टप्प्याटप्प्याने तुटतोय. म्हणून रॅम्प निदान काही मायक्रोमीटरचा ठेवा. रेघ शेवटी मूळ पातळीला परत आली नसेल तर टिप सुटलेलीच नाही, आणि तो कर्व्ह पुढच्या कर्व्हची सुरुवातसुद्धा बिघडवतो. मी तीन गोष्टी काढतो: कमाल ओढ, वक्राखालचं क्षेत्रफळ म्हणजे सुटण्याची ऊर्जा, आणि पूर्ण सुटेपर्यंतचं अंतर. कमाल ओढ सारखी आणि अंतर दुप्पट, असे दोन नमुने मी पाहिलेत. नुसत्या ओढीचे नकाशे काढले असते तर ते जुळे वाटले असते.

परतीच्या रेघेवर डीएमटी बसवून सॉफ्टवेअर मॉड्युलसचा जो सुबक नकाशा देतं, त्यापासून पीएसएच्या बाबतीत सावध राहा. ते सूत्र कडक, कमी चिकट आणि लवचीक पदार्थासाठी आहे, आणि पीएसए यातलं काहीच नाही. तो नकाशा ‘कुठे वेगळं आहे’ हे दाखवायला उत्तम आहे, आकडा म्हणून मी तो रिपोर्टमध्ये घालत नाही. आकडाच हवा असेल तर दाबण्याच्या बाजूची रेघ घ्या, हर्ट्झचं किंवा व्हिस्कोइलास्टिक (वेळेचा परिणाम धरणारं) सूत्र बसवा, आणि त्या वेळेचं उत्तर मास्टर कर्व्हशी ताडून बघा.

थांब्याचा प्रयोग मात्र जरूर करा. तोच गोल, तोच दाब, फक्त थांबा बदलायचा: शून्य, ०.१ सेकंद, १ सेकंद, १० सेकंद. सुटण्याची ऊर्जा वेळेच्या लॉगवर काढा. तुमच्या बाबतीत माझा अंदाज असा की १० सेकंदांना दोन्ही बॅचेस जवळ येतील आणि शून्याजवळ फाकतील. तसं निघालं तर पील सारखं, टॅक वेगळा याचं स्पष्टीकरण एका आलेखात मिळालं. थांबताना पिएझो (टिप खाली-वर नेणारा भाग) जागेवर धरायचा की बल स्थिर ठेवायचं, हे आधी ठरवून दोन्ही नमुन्यांना तेच लावा. पिएझो जागेवर धरला तर ताण सैलावतो, बल धरलं तर गोल आत रुतत जातो, आणि दोन्हीची उत्तरं वेगळी येतात.

ओढण्याच्या वेगाबद्दलही थोडा हिशोब. लूप टॅकचा वेग ५ मिलिमीटर प्रति सेकंद. थर २० मायक्रोमीटरचा धरला तर ताणाचा दर ढोबळमानाने सेकंदाला २५० येतो. १ हर्ट्झचा २ मायक्रोमीटरचा रॅम्प ४ मायक्रोमीटर प्रति सेकंद वेगाने चालतो, स्पर्शत्रिज्या ३.५ मायक्रोमीटर धरली तर दर सेकंदाला १ च्या आसपास. दोनशे-अडीचशे पटींचा फरक. १ किलोहर्ट्झवर १५० नॅनोमीटर आयामाचा पल्स मोड कमाल वेग जवळपास ०.९ मिलिमीटर प्रति सेकंदापर्यंत नेतो, म्हणजे दर जुळतो. पण एकूण हालचाल ३०० नॅनोमीटर, त्यात मोठा गोल सुटतच नाही. सरळ सुटका नाही म्हणून मी तापमान वापरतो. ग्लास ट्रान्झिशनपासून साधारण ६० अंश वर असलेल्या पॉलिमरला १० अंश थंड केलं तर डब्ल्यूएलएफ या तापमान-वेळ सूत्राच्या नेहमीच्या स्थिरांकांनी वेळेची पट्टी पाच-सहा पट सरकते. दोन-तीन पायऱ्या खाली गेलात की फरक भरून निघतो. कोरड्या नायट्रोजनखाली करा, नाहीतर पृष्ठभागावर दव बसेल आणि तुम्ही पाण्याचं आसंजन मोजत बसाल.

टॅपिंगकडे वळतो. तुमची टिप अडकते याचं कारण साधं आहे: कँटिलिव्हरला परत खेचणारं बल चिकटण्यापेक्षा कमी पडतं. ढोबळ अंदाजासाठी स्प्रिंग कॉन्स्टंट गुणिले मुक्त आयाम (टिप हवेत किती झुलते ते) बघा. २ न्यूटन प्रति मीटर आणि २० नॅनोमीटर म्हणजे ४० नॅनोन्यूटन. पीएसएवर हे हरणारच. ४० न्यूटन प्रति मीटर आणि १०० नॅनोमीटर म्हणजे ४००० नॅनोन्यूटन. पीएसएसाठी मी कडक कँटिलिव्हर आणि मोठा आयाम घेतो आणि सेटपॉइंट (टेकल्यावर राखायचा आयाम) मुक्त आयामाच्या जवळून सुरू करून हळूहळू खाली आणतो. स्कॅनचा वेगही कमी ठेवा. खाली येताना एका ठिकाणी फेज (टिपचं कंपन किती मागे पडतं ते) अचानक पलटू शकते: ओढीच्या राज्यातून टिप ढकलण्याच्या राज्यात जाते. इमेजच्या मधोमध असं झालं की अर्धी इमेज उलट्या रंगाची येते आणि लोक त्याला दोन घटक समजतात. आधी एका जागेवर आयाम-फेज-अंतराचा कर्व्ह घेऊन उडी कुठे आहे ते बघून मगच सेटपॉइंट ठरवा.

फेज इमेजमध्ये उजळ म्हणजे कडक असं ठोकून सांगू नका. फेज मुळात प्रत्येक टोल्यात किती ऊर्जा खर्च होते ते सांगते, आणि पीएसएवर खर्चात कडकपणा, चिकटपणा आणि स्पर्शाचं क्षेत्रफळ तिन्ही मिसळलेले असतात. भरीस भर म्हणून फेजची चिन्हं उत्पादकागणिक उलटी असतात. उंचीची इमेजही जशीच्या तशी खरी मानू नका: मऊ जागी टिप जास्त रुतते आणि तो भाग खोलगट दिसतो, प्रत्यक्षात सपाट असला तरी. सेटपॉइंट बदलून तीच जागा पुन्हा घ्या. खड्ड्याची खोली बदलली तर तो खड्डा नाही.

इमल्शन पीएसएमध्ये काय शोधायचं? लॅटेक्सचे (इमल्शनमधल्या पॉलिमरचे) कण साधारण १०० ते ३०० नॅनोमीटरचे. सुकताना ते एकमेकांत मिसळायला हवेत, पण त्यांच्या सीमांवर सर्फॅक्टंट (इमल्शन टिकवणारा साबणासारखा पदार्थ) आणि पाण्यात विरघळणारे अवशेष अडकतात आणि काही पृष्ठभागावर येतात. फेजमध्ये कणांच्या कडा जाळीसारख्या दिसतात आणि वर आलेला सर्फॅक्टंट ठिपक्यांसारखा किंवा पातळ साईसारखा. इथे एक स्वस्त आणि निर्णायक प्रयोग आहे. जागेला खूण करा, इमेज घ्या, डीआयोनाइज्ड पाण्याने नमुना हलकेच धुवा, नायट्रोजनने सुकवा, तीच जागा पुन्हा घ्या. ठिपके गेले तर ते पाण्यात विरघळणारं काहीतरी होतं. त्याच वेळी लूप टॅकची पट्टीही धुऊन, सुकवून पुन्हा करा. टॅक परत आला तर पुढची चर्चा इमल्शनच्या सर्फॅक्टंटबद्दल आणि सुकवण्याच्या वेगाबद्दल करायची, एएफएमबद्दल नाही. आर्द्रतेची नोंद ठेवा, सर्फॅक्टंट हवेतलं पाणी पितात आणि सकाळ-दुपार निकाल बदलतो.

नमुन्याबाबत एक प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो: तुम्ही नक्की कोणती बाजू मोजताय? ट्रान्सफर कोटिंगमध्ये अ‍ॅडहेसिव्ह आधी रिलीज लायनरवर टाकतात, सुकवतात आणि मग वरून फिल्म किंवा कागद लॅमिनेट करतात. म्हणजे सुकताना हवेकडे असलेली बाजू आत जाते आणि ग्राहक वापरतो ती लायनरकडची. थेट कोटिंगमध्ये उलट. प्रयोगशाळेत काचेवर फिल्म ओढून तिची हवेकडची बाजू मोजणारे, आणि मग तिचा संबंध ट्रान्सफर कोटेड लेबलच्या टॅकशी जोडणारे बरेच आहेत. लायनरचा पोतही अ‍ॅडहेसिव्हवर छापला जातो, आणि लायनरवरचा सिलिकोनचा निसरडा थर नीट क्युअर झालेला नसेल तर सिलिकोन पृष्ठभागावर उतरतं. तुमच्या दुसऱ्या बॅचला लायनरचा वेगळा रोल लागलाय का, हे आधी स्टोअरमध्ये विचारा. सिलिकोनची शंका एक्सपीएसने (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणाऱ्या एक्स-रे चाचणीने) फिटते, एएफएम फक्त कमी आसंजनाचे ठिपके दाखवेल, ते कशाचे हे सांगणार नाही.

लायनर सोलल्यावर किती वेळाने पहिला कर्व्ह घेतलात तेही प्रत्येक नमुन्याला सारखं ठेवा. सोलताना पृष्ठभाग ओढला जातो आणि सैलावायला वेळ घेतो. पातळ फिल्मवरचं अ‍ॅडहेसिव्ह हवेत तरंगत ठेवू नका, फिल्मची मागची बाजू धातूच्या चकतीवर पूर्ण चिकटलेली हवी. टिप थराच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा आत जाऊ देऊ नका.

टिपवर माल चढतो हे गृहीतच धरा. प्रत्येक मालिकेच्या आधी आणि नंतर ताज्या सोललेल्या अभ्रकावर किंवा स्वच्छ सिलिकॉनवर काही कर्व्ह घ्या. सुटण्याचं बल हललं असेल तर मधली सगळी मालिका बाद, नवा प्रोब. दोन्ही बॅचेस आलटून-पालटून मोजा, एक संपवून दुसरी नको, नाहीतर टिपचा मळ बॅचचा फरक म्हणून दिसेल. आणि प्रत्येक कर्व्ह नव्या जागी. एकदा ओढलेल्या जागी पीएसएचा बारीक उंचवटा राहतो, त्यावर दुसरा कर्व्ह वेगळाच येतो. नकाशा काढताना हे विसरलं जातं: ५ मायक्रोमीटरच्या चौकोनात ६४ गुणिले ६४ बिंदू आणि टिप म्हणून काही मायक्रोमीटरचा गोल, म्हणजे तीच जागा पुन्हापुन्हा चिवडणं. गोल वापरताना मी बिंदूंमध्ये २० मायक्रोमीटर किंवा जास्त अंतर ठेवतो. बारीक नकाशा हवा असेल तर धारदार टिप, पण मग आकडा नाही, फक्त नक्षी.

निकाल सरासरीत दाबून टाकू नका. आसंजनाचा हिस्टोग्राम काढा. चांगल्या बॅचला एक उंचवटा आणि वाईट बॅचला दोन उंचवटे आले, तर सरासरीतला थोडासा फरक विसरा. पृष्ठभागाचा काही भाग कशाने तरी झाकलेला आहे हे त्या दोन उंचवट्यांनी सांगितलं.

पीलचा आकडा एएफएमवरून काढायचा मोह मात्र आवरा. २५ मिलिमीटर पट्टीला १० न्यूटन पील, १८० अंशांत, म्हणजे दर चौरस मीटर सुमारे ८०० जूल. पृष्ठभागांची मूळ आसंजन ऊर्जा ०.०५ जूलच्या घरातली. मधला सोळा हजार पटींचा फरक थराच्या आत पोकळ्या होण्यात, तंतू ओढले जाण्यात आणि मागच्या फिल्मच्या वाकण्यात खर्च होतो. हे सगळं दहा-वीस मायक्रोमीटर जाडीच्या थरात घडतं, टिपला त्यातलं फार थोडं दिसतं.

तुमच्या दोन बॅचेससाठी मी या क्रमाने जाईन: रिऑमीटरचे मास्टर कर्व्ह, मग धुण्याचा प्रयोग टॅपिंग आणि लूप टॅक दोन्हींवर, मग कोलॉइड प्रोबने थांब्याची मालिका. धुऊनही काही बदललं नाही आणि मास्टर कर्व्ह एकमेकांवर बसले, तर एएफएम बाजूला ठेवून लायनरकडे वळा आणि एक्सपीएसवर वेळ मिळवा. मास्टर कर्व्हच वेगळे निघाले तर जेलचं प्रमाण मोजा. तिथे एएफएमची गरज नव्हती.